‘वाजी तवय दखसूत’ : जुन्या पद्मिनीचं सस्पेन्शन कधी खोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरच्या एका सरांकडे वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. सहा वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इंजिनचं काम झालं, ब्रेक झाले, रंगही झाला. आता यात्रेची गर्दी ओसरली की आप्पांना त्याच गाडीतून वणीच्या गडावर न्यायचंय. गावात फिरवली तर गाडीच्या खालून कसलाही आवाज येत नाही. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, "वाजस का? नही ना? मंग वाजी तवय दखसूत." म्हणजे वाजेल तेव्हा बघू. सरांना वाटतं की चाळीस वर्षांचे पार्ट तसेच ठेवून घाटात जाऊ नये. बदलायचं तर काय काय बदलायचं, असं त्यांनी विचारलंय.

सर, तुमच्या मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे. सस्पेन्शनमधले काही पार्ट सांगून जातात. शॉकअप संपला की गाडी होडीसारखी डुलते. स्टॅबिलायझरचं रबर गेलं की खड्ड्यात टकटक होते. पाट्याचे (मागच्या पानांच्या स्प्रिंगचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या अस्तराच्या नळ्या, संपले की मागून कुरकुर सुरू होते. यांच्या आवाजाची वाट बघितली तर फार तर कंबर दुखेल. पण किंगपिन (जिच्याभोवती पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन), पुढच्या आर्मच्या पिना, टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) एंड, मेन पाटा आणि पाटा धुऱ्याला बांधणारे यू बोल्ट ही मंडळी बहुतेक वेळा गुपचूप झिजतात, आणि सुटली की चाक किंवा स्टीअरिंग सोबत घेऊन जातात. मी धुळ्यात आग्रा रोडला चौतीस वर्षं हेच काम करतोय. पार्ट हातात आला की मी आधी एवढंच बघतो की हा चालत्या गाडीत सुटला तर गाडी कुठे जाईल. ज्याचं उत्तर ‘नाल्यात’ असं येतं, तो पार्ट आवाज असो-नसो, वयावर बदलायचा.

हे मी स्वतःच्या फजितीवरून शिकलो. १९९७ साली माझ्याच फियाटचं पुढचं डावं चाक पाचोऱ्याच्या अलीकडे झोपलं. झोपलं म्हणजे खरंच आडवं झालं, आणि मडगार्ड टायरवर टेकलं. रेल्वे गेट लागत होतं म्हणून गाडी चालत्या माणसाच्या वेगात होती. तेवढं एक नशीब. आदल्याच दिवशी मी चाक हलवून बघितलं होतं आणि प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, नव्हता. का नव्हता? कारण त्याच्या तासभर आधी मी ग्रीस गन मारली होती. झिजलेल्या बुशात घट्ट ग्रीस भरलं की काही दिवस सगळं टाइट लागतं. म्हणून नियम असा: प्ले आधी बघायचा, ग्रीस नंतर मारायचं. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा मी, आणि स्वतःच्या गाडीला एवढी साधी गोष्ट विसरलो. घरच्यांनी आजही ती सोडलेली नाही.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० डी. आपल्याकडे ती १९६४पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागली, आणि पुढे १९७४मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. पुढे प्रत्येक बाजूला वर-खाली दोन आर्म, मधे कॉइल स्प्रिंग, दोन्ही आर्मना धरणारा उभा पिलर आणि त्याच्यातली किंगपिन, जिच्यावर चाक वळतं. मागे सरळ धुरा, दोन्ही बाजूंना पाटे. रचना साधी आणि दणकट आहे, खोलायला सोपी आहे. पण आजच्या गाड्यांसारखी ‘बसवा आणि विसरा’ अशी नाही. तिला ग्रीस लागतं, आणि सहा वर्षं शेडमध्ये उभ्या गाडीला कोणी ग्रीस मारत नाही.

उभी गाडी झिजत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. लोखंडाचं एक वेळ खरं धरू, रबराचं नाही. रबर उष्णतेनं आणि हवेनं म्हातारं होतं. साधारण दहा अंश तापमान वाढलं की ही क्रिया जवळपास दुप्पट वेगानं होते, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्तच. त्यात गाडी एकाच जागी उभी म्हणजे प्रत्येक बुश एकाच बाजूनं पिळलेला, सहा वर्षं. ताणलेल्या रबराला चिरा लवकर पडतात. तुमच्या आर्मच्या बुशावर टॉर्च मारून बघा आणि नखानं दाबा. चांगलं रबर दबून परत येतं. मेलेलं रबर पाटीवरच्या खडूसारखं बोटाला काळं लावतं, किंवा काचेसारखं कडक लागतं. दोन्ही बाद.

यात आपल्या काळ्या मातीचाही हात आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यानं गाडी गेली की ती माती आर्ममध्ये आणि पाट्यांच्या फटीत जाऊन बसते, उन्हाळ्यात दगड होते आणि आर्म हलला की रबरी टोपी कापते. टोपी फाटली की ग्रीस बाहेर, धूळ आत. म्हणून खोलायच्या आधी गाडीचं पोट पाण्यानं धुऊन एक दिवस वाळू द्या. धुतल्याशिवाय खाली शिरणारा मिस्त्री अर्ध्या गोष्टी बघत नाही, फक्त हातानं चाचपतो.

धुताना एक गोष्ट मात्र करू नका. आपल्याकडे सर्व्हिसिंगनंतर खालून डिझेल किंवा काळं ऑइल फवारायची पद्धत आहे. गाडी दोन दिवस चकचकीत दिसते आणि कुरकुर थांबते, म्हणून लोक खूश. पण डिझेल आणि ऑइल साध्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. मी असे बुश काढलेत की बोटानं दाबले तर चिकूसारखे आत जातात. पाट्यांना द्यायचंच असेल तर पानं वेगळी करून मधे ग्रॅफाइट ग्रीस द्या, आणि रबराला कोरडं राहू द्या.

घरच्या घरी काय बघता येईल ते सांगतो. सपाट जागा हवी, मागच्या चाकांना विटा लावा. खालच्या आर्मखाली जॅक लावून पुढचं एक चाक जमिनीपासून चार बोटं उचला आणि लगेच घोडी (गाडीला टेकू देणारा लोखंडी स्टँड) लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. आता चाकाला वर आणि खाली, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा वाजतात तिथे धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर आप्पांना गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचा किंवा पिलरच्या पिनांचा. नऊ आणि तीनवर हलवून प्ले लागला तर टाय रॉड, आयडलर किंवा स्टीअरिंग बॉक्सकडे बघा. किंगपिनजवळचा केसाएवढा प्ले टायरच्या कडेला कितीतरी मोठा होऊन दिसतो, त्यामुळे डोळ्याला दिसला तर घाबरून जाऊ नका. पण दिसला की गाडी घाटात न्यायची नाही, एवढं पक्कं.

मात्र सर, प्ले नाही लागला तरी तुमच्या बाबतीत मी किंगपिन खोलायलाच सांगेन. गाडी किती चालली आणि ग्रीस कधी मिळालं, हे तुम्हाला माहीत नाही. निपलला (ग्रीस भरायच्या तोटीला) ग्रीस गन लावून जोर दिला आणि ग्रीस आत जायच्याऐवजी निपलच्या बाजूनं सापासारखं बाहेर आलं, तर आतली वाट बंद आहे. किंगपिन कोरडी फिरतेय. ग्रीस मारताना चाकं हवेत हवीत. गाडी चाकांवर उभी असताना जी बाजू वजन धरते तिथे ग्रीस शिरतच नाही, आणि नेमकी तीच झिजते.

किंगपिन बदलणं हे पार्ट आणून ठोकायचं काम नाही. नवे ब्राँझचे बुश दाबून बसवले की भोक थोडं आवळतं आणि पिन जात नाही. मग काही महाभाग पिनच पॉलिशपेपरनं घासतात. असा मिस्त्री दिसला तर चहा पाजून परत पाठवा. बुशाला रिमर (भोक आतून खरवडून मापात आणणारं हत्यार) मारावा लागतो, आणि वरचा-खालचा असे दोन्ही बुश एकाच लांब रिमरनं, एका रेषेत. वेगवेगळे मारले तर पिन वाकडी बसते आणि स्टीअरिंग जड होतं. रिमर हळू, एकाच दिशेनं फिरवायचा, उलटा नाही. पिवळाधमक भुगा पडत राहतो. थोडं मारून पिन घालून बघायची. तेलाचं बोट लावलेली पिन अंगठ्यानं ढकलली की जड जड पण सलग आत जावी. हात सोडल्यावर आपोआप घसरून खाली पडली, तर बुश मोठा झाला, नवा आणा. आणि बुश दाबायच्या आधी त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर आलंय का, हे तार घालून बघा. माझ्याकडे नुकत्याच झालेल्या कामानंतर सहा महिन्यांत किंगपिन जाम झालेली गाडी आली होती. खोलली तर बुश पाव फेरा फिरवून ठोकलेला, भोक बंद. मालकानं इमानानं दर महिन्याला ग्रीस मारलं होतं, सगळं निपलपाशीच. रिमर गावात नसेल तर चाक धरणारा भाग (नकल) उतरवून तो स्टब अॅक्सल घेऊन जळगावच्या एमआयडीसीत चांगल्या लेथवाल्याकडे जा. एका दिवसाचं काम आहे.

दोन्ही बाजू एकदम खोलू नका. एक बाजू पूर्ण करा, तोपर्यंत दुसरी नमुना म्हणून उभी राहते. आर्मच्या मागे पातळ पत्र्याच्या शिम निघाल्या तर किती आणि कुठल्या बोल्टवर होत्या ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चाकाचा कल त्याच्यावर असतो.

कॉइल स्प्रिंगबद्दल मी मस्करी करत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. आर्मचे बोल्ट काढण्याआधी स्प्रिंग दाबायचा पक्का सरंजाम हवा, नुसती तार गुंडाळून चालत नाही. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यानं घरी करू नये. स्प्रिंग बाहेर आली की डावी-उजवी शेजारी उभी करून उंची बघा. एक बसली असेल तर दोन्ही बदला. आणि कोणी गाडी ‘खाली बसवायला’ स्प्रिंगचा वेढा कापलेला असेल, तर ती स्प्रिंग त्याच दिवशी भंगारात द्या.

आता एक गोष्ट, जी निम्म्या गॅरेजमध्ये चुकते. आर्मचा जो बुश असतो, ज्यात बाहेर आणि आत लोखंडी नळी आणि मधे चिकटलेलं रबर असतं, तो फिरत नाही. रबर फक्त पिळलं जातं आणि परत येतं. गाडी घोडीवर, चाकं लटकलेली असताना तुम्ही बोल्ट आवळला, की रबर त्या लटकलेल्या जागेला पकडलं जातं. मग गाडी खाली उतरवली की ते उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं, आणि दर खड्ड्याला आणखी पिळतं. काही महिन्यांत फाटतं. मालक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. पार्ट बिचारा चांगला असतो. बरोबर पद्धत अशी: सगळं बसवा, बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढच्या सीटवर दोन माणसं किंवा दोन ज्वारीची पोती ठेवा, बोनेट चार वेळा दाबून सोडा, आणि मग पिटमध्ये उतरून शेवटचा आवळ द्या. धुळ्यात माझ्याकडे या पोत्यांवरून बरीच थट्टा होते. पण ते बुश टिकतात.

पार्ट आणायचे कुठून, हा खरा डोकेदुखीचा भाग. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर बाजारात माल फिरत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हापासून नवा माल कमी आणि ‘जुना शिल्लक ओरिजिनल’ जास्त. कुर्ला, दिल्लीचं कश्मिरी गेट, कोलकात्याचं मल्लिक बाजार, कुठूनही मागवा, पण एक लक्षात ठेवा. लोखंडी पार्ट वीस वर्षं डब्यात राहिला तरी चालतो, किंगपिन तर अशी मिळाली की मी डोळे झाकून घेतो. रबराचा पार्ट मात्र डब्यातही म्हातारा होतो. कंपनीचा छाप, कागदी डबा, जुनी किंमत बघून भारावून जाऊ नका. रबर नवं बनवलेलं घ्या, साध्या कंपनीचं असलं तरी. काही जण आता पॉलियुरेथेनचे रंगीत बुश टाकतात. ते टिकतात, पण कडक असतात, आणि खड्ड्याचा मार रबराऐवजी चाळीस वर्षांच्या पत्र्याला बसतो. माझ्या मते पद्मिनीला ते शोभत नाहीत.

पत्र्याचं निघालंच आहे, तर बुशाच्या आधी पाटा जिथे बॉडीला लटकतो ती जागा बघा. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच चेसिस आहे. डिक्कीतलं मॅटिंग उचला आणि मागच्या शॅकलच्या (पाटा लटकतो त्या कडीच्या) वरच्या पत्र्याला जुन्या स्क्रू ड्रायव्हरनं टोचा. टणटण वाजला तर देवाचे आभार. भसकन आत गेला तर बाकी सगळं थांबवा, आधी वेल्डिंग.

मागच्या पाट्यांमध्ये मेन पाट्याला डोळ्याजवळ आणि सेंटर बोल्टजवळ बारीक चीर बघायची. वायर ब्रशनं घासून, डिझेल लावून पुसा आणि खडूची पूड टाका. चिरेत राहिलेलं डिझेल खडूवर काळी रेघ काढतं. चीर दिसली तर वेल्डिंग करायचं नाही, पान बदलायचं. पाटे नुसते बसले असतील तर कमान द्यायला हरकत नाही, पण गरम न करता, ठोकून. भट्टीत लाल केलं की पोलादाला पाणी देऊन आलेलं कडकपण जातं आणि महिन्यात परत सपाट. आणि सावदा-फैजपूरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकना पाटे टाकणारा एखादा मिस्त्री म्हणेल, "एक पान जास्तीनं टाकतो, दणकट होईल." होईलच. आप्पांच्या मणक्यांना प्रत्येक खड्डा मोजता येईल. ट्रकमध्ये केळी असतात सर, तुमच्याकडे आप्पा आहेत.

यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घाला. एकदा ताणलेला यू बोल्ट परत तेवढी पकड देत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं बघा, हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट सस्पेन्शनमध्ये लावायचा नाही. स्प्लिट पिन दुसऱ्यांदा वापरायची नाही. दोन-चार रुपयांची वस्तू आहे, तिच्यासाठी खिशात हात घालायला काय जातं?

शॉकअपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तेल गळत असेल किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोनदा-तीनदा उड्या मारत असेल तर बदला, पण जोडीनं, एकटा नाही. नवे शॉकअप आडवे पडून आलेले असतात, त्यामुळे आत हवा शिरते. बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा आणि दाबा, मधला पोकळ झटका जाईपर्यंत. टायरच्या भिंतीवर तारखेचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तुमचे टायर गाडीबरोबर सहा वर्षं उभे राहिलेत, नक्षी कितीही खोल दिसली तरी ते गेले. नांदुरीपासून गडाच्या चढावर नवी किंगपिन आणि जुने टायर ही जोडी मला चालणार नाही.

अॅम्बॅसेडरवाले विचारतील म्हणून एवढंच: तुमच्याकडे पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे. तोही ताणलेलाच असतो, त्यामुळे खोलताना काळजी तीच. बाकी ग्रीसचे नियम हेच.

काम झालं की अलाइनमेंट करून घ्या, पण मशीनवाल्याला सांगा की किंगपिन नवी आहे, आधी शंभर किलोमीटर चालवतो. धुळ्याकडे एकदा जाऊन या, येताना पारोळ्यात थांबून चारही ड्रमला हात लावा, एक जास्त तापलंय का बघा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळा. पहिल्या वेळी ते हमखास चतकोर फेरा घेतात. त्यामुळे काम निघायच्या आदल्या आठवड्यात काढू नका, महिनाभर आधी गाडी खोला. जुने पार्ट मिस्त्रीकडे सोडू नका, पिशवीत घरी आणा. आणि ती काढलेली किंगपिन वर आणि खाली, बुश बसायच्या जागी अंगठ्याच्या नखानं घासून बघा. नख पायरीला अडकलं तर मला फोटो पाठवा, तुमच्या मिस्त्रीलाही दाखवा.